'तुम्ही' म्हणणारे वडील

गेल्या उन्हाळ्यात भाची सुट्टीला आमच्याकडे आली होती. तिच्या आग्रहाखातर मी एक कोरियन मालिका पाहिली. मालिकेचं नाव 'गुंग', म्हणजे राजवाडा. २००६च्या जानेवारीत ती कोरियात सुरू झाली, २४ भागांत संपली आणि इतर देशांत 'प्रिन्सेस अवर्स' या नावाने पोहोचली. पाक सो-ही यांच्या चित्रकथेवर ती बेतलेली आहे. कोरियात आजही घटनात्मक राजेशाही आहे, अशी त्यातली कल्पना. युवराज शिन आणि साध्या घरातली छे-ग्यंग एकाच शाळेत शिकतात. दोघांच्या आजोबांनी कधीकाळी एकमेकांना दिलेल्या शब्दापायी त्यांचं लग्न लावलं जातं. मुलीच्या घरी कर्ज असतं, त्यामुळे नाही म्हणायची सोय नसते. पुढे दोघं भांडतात, रुसतात आणि प्रेमात पडतात. भाची हसत होती, मीही हसले.

पण खऱ्या कोरियात असं राजघराणं उरलेलं नाही. १९१०मध्ये जपानने कोरिया गिळंकृत केला, आणि त्याआधीच, १९०७मध्ये, दहा वर्षांचा युवराज यी उन याला शिक्षणाच्या नावाखाली टोकियोला नेण्यात आलं होतं. त्याच्यासाठी मिन घराण्यातली एक मुलगी योजलेली होती. ते लग्न मोडलं, आणि ती जन्मभर अविवाहित राहिली. १९२०मध्ये युवराजाचा विवाह मासाको या जपानी राजकन्येशी झाला. दोन्ही राजघराणी एकत्र आणायची, असं जपानी सरकारचं धोरण होतं. स्वतःचं लग्न ठरल्याची बातमी आपण वर्तमानपत्रात वाचली, असं मासाकोने पुढे आठवणींत लिहिलं आहे. युवराज मायदेशी परतला तो थेट १९६३मध्ये, आजारी अवस्थेत. मासाको त्याच्यासोबत आली, यी बांगजा हे कोरियन नाव लावून सोलच्या छांगदोक राजवाड्याच्या आवारात राहिली आणि १९८९मध्ये तिथेच वारली. त्यांचा मुलगा यी कु जुलै २००५मध्ये टोकियोत गेला. त्यानंतर सहा महिन्यांतच टीव्हीवर काल्पनिक युवराजाचं लग्न लागलं.

भाचीला हे सांगितलं तेव्हा तिने विचारलं, "मग त्याच्या आधी, खरे राजे होते तेव्हा, राण्या कशा निवडायचे?"

नेमकं तेच त्या वेळी माझ्या टेबलावर होतं. अठराव्या शतकातल्या युवराज्ञी हेग्यंग यांच्या आठवणींतले काही भाग मी मराठीत आणत होते. मला कोरियन येत नाही. जाह्युन किम हाबुश यांचा इंग्रजी अनुवाद हाच माझा आधार.

राजपुत्राचं लग्न काढलं की देशभर उच्चकुलीन मुलींच्या लग्नांना बंदी होई. घराण्यांनी लग्नाच्या वयाच्या मुलींची नावं कळवायची. मग राजवाड्यात तीन फेऱ्यांत निवड होई. मुलीला नेसवून-सजवून पाठवण्याचा खर्च मोठा असे, आणि निवड झाली तर मुलगी घराला कायमची दुरावे. म्हणून काही घरं मुली लपवून ठेवत. शेवटच्या फेरीत पसंत पडलेली मुलगी पुन्हा माहेरी जात नसे. तिला वेगळ्या वाड्यात ठेवून राजघराण्याचे रीतिरिवाज शिकवले जात आणि तिथूनच लग्न लागे.

हेग्यंग निवडली गेली तेव्हा दहा वर्षांचीही नव्हती. १७४४मध्ये तिचं लग्न युवराज सादोशी झालं. पुढे सादोचं मन बिघडत गेलं, त्याच्या हातून खून झाले, आणि १७६२च्या उन्हाळ्यात त्याचा बाप राजा यंगजो याने त्याला तांदळाच्या पेटीत कोंडलं. आठ दिवसांनी तो मेला. हेग्यंगचा मुलगा जंगजो पुढे राजा झाला. 'हेग्यंग' ही नुसती पदवी. तिचं माहेरचं नाव इतिहासाला ठाऊक नाही.

माझ्या आईचंही माहेरचं नाव ताटातल्या तांदळात अंगठीने पुसलं गेलं होतं. पण ते निदान मामाच्या तोंडात राहिलं.

हेग्यंगच्या लेखणीला कारणही माहेरच होतं. लग्नानंतर वडिलांनी बजावलं होतं की बाहेरच्या माणसांची पत्रं राजवाड्यात इकडेतिकडे पडू नयेत. म्हणून त्यांच्या पत्राच्याच कागदावर ती उत्तर लिही आणि कागद परत धाडी. माहेरी तो धुऊन टाकत. पन्नास वर्षांत तिच्या हस्ताक्षराचा फारसा मागमूस घरी उरला नाही. म्हणून भाच्याने आठवणी मागितल्या, आणि १७९५मध्ये, साठाव्या वर्षी, तिने त्या कोरियन लिपीत लिहायला घेतल्या.

त्यात एक जागा आहे. दुसऱ्या फेरीनंतर मुलगी घरी येते, आणि त्या दिवसापासून आईवडील तिच्याशी आदरार्थी बोलू लागतात. घरातली वडीलधारी माणसंही तशीच वागू लागतात. ती अवघडते, रडते. तांदळाच्या पेटीच्या प्रसंगापेक्षा मला हे लिहिणं जड गेलं. इंग्रजीत 'यू' एकच. वडिलांनी बोलणं बदललं एवढी माहिती तिथे मिळते, पण ते बदललेलं बोलणं कानावर पडत नाही. मराठीत ते पडू शकतं. 'तू जेवलीस का' आणि 'तुम्ही जेवलात का' यांतलं अंतर आपल्याला समजावून सांगावं लागत नाही.

म्हणून वडिलांच्या उपदेशात मी 'तुम्ही' घातलं आणि भाचीला वाचून दाखवलं. तिने विचारलं, "ते तिच्यावर चिडले होते का?"

तिचं बरोबर होतं. आमच्या घरीही वडील मुलीला 'अहो बाई, या आता' म्हणत ते फक्त रागावल्यावर. 'आपण' घालून पाहिलं, तर एखाद्या समारंभातलं भाषण वाटलं. सरदार घराण्यांत लहान मुलांनाही अहो-जाहो करतात, पण तिथे ते जन्मापासूनचं असतं. इथे ते एका दिवसात झालं होतं.

मालिकेत छे-ग्यंगला राजवाड्याची भाषा काही केल्या जमत नाही, आणि त्यावर आम्ही दोघी खूप हसलो होतो. ते प्रसंग नंतर मी पुन्हा पाहिले. त्या मुलीला पुढे घटस्फोटाचा विचार करता येतो, घर सोडता येतं, वर्ग आणि मैत्रिणी आठवून रडता येतं. हेग्यंगला ज्या शब्दांनी हाक मारली गेली, त्यांतून परतीची वाट नव्हती.

अखेर 'तुम्ही'च ठेवलं. फक्त त्याआधी, पहिल्या फेरीला जाण्यापूर्वीच्या प्रसंगांत, वडील तिच्याशी जिथे जिथे बोलतात तिथे 'तू' आठवणीने ठेवला. पुढच्या खेपेला भाची आली की पुन्हा वाचून दाखवणार आहे.