तांबड्या पेशींचा पहारेकरी

मानवी शरीरात दर सेकंदाला सुमारे २० लाख तांबड्या रक्तपेशी नव्याने तयार होतात आणि जवळपास तेवढ्याच जीर्ण होऊन नाहीशा होतात. एका पेशीचे आयुष्य साधारण १२० दिवसांचे. हा जमाखर्च जुळता ठेवणाऱ्या व्यवस्थेतील कळीचा दुवा म्हणजे अस्थिमज्जेतील पूर्वपेशींच्या आवरणावर असलेले वृद्धिघटकांचे ग्राही, अर्थात रिसेप्टर. वृद्धिघटक हा निरोप, तर ग्राही तो स्वीकारणारा.

मूळ पेशीपासून तांबडी पेशी घडण्याच्या प्रवासात आरंभी 'किट' नावाचा ग्राही महत्त्वाचा असतो. पुढे सूत्रे जातात ती एरिथ्रोपोएटिन म्हणजेच 'ईपीओ'च्या ग्राहीकडे. हे संप्रेरक मुख्यतः मूत्रपिंडात तयार होते. रक्तातील प्राणवायू घटला की मूत्रपिंड ते अधिक प्रमाणात सोडते.

ईपीओ रक्तपेशी निर्माण करते, असे सरसकट म्हटले जाते. वस्तुतः ते प्रामुख्याने त्यांना जगवते. मज्जेत पूर्वपेशी मुबलक असतात. पण विशिष्ट टप्प्यावर निरोप न मिळाल्यास त्या आपणहून मरतात. ईपीओचा एक रेणू दोन ग्राहींना एकत्र धरतो, तेव्हा पेशीच्या आतील 'जॅक-२' हे विकर जागे होते. त्यामुळे 'स्टॅट-५' हे प्रथिन केंद्रकात शिरून मृत्यू रोखणारी जनुके कार्यान्वित करते. वाचलेली पेशी विभागते, हिमोग्लोबिन साठवते आणि अखेर स्वतःचे केंद्रकच बाहेर टाकून रक्तप्रवाहात उतरते. १९९५ मध्ये हा ग्राही नसलेले उंदीर प्रयोगशाळेत तयार करण्यात आले; ते गर्भावस्थेतच दगावले.

मात्र निरोप घेण्याइतकेच तो वेळीच थांबवणेही आवश्यक असते. फिनलंडचे एरो मँटिरांटा यांनी १९६४ च्या इन्सब्रुक हिवाळी ऑलिंपिकमध्ये १५ व ३० किलोमीटर स्कीइंगची सुवर्णपदके जिंकली. त्यांचे हिमोग्लोबिन डेसिलिटरला २० ग्रॅमहून अधिक असे. साहजिकच संशयाची कुजबुज झाली. १९९३ मध्ये त्यांच्या कुटुंबीयांच्या तपासणीतून खुलासा मिळाला. जनुकातील एका बदलामुळे त्यांच्या ईपीओ ग्राहीचे आतील टोक ७० अमिनो आम्लांनी तोकडे होते. संदेश बंद करण्याची सोय नेमकी त्याच टोकावर असते! कुटुंबातील अनेकांमध्ये हा बदल आढळला. मँटिरांटा यांचे २०१३ मध्ये वयाच्या ७६ व्या वर्षी निधन झाले.

ईपीओ शुद्ध स्वरूपात हाती आले ते १९७७ मध्ये, जपानमधील रक्तक्षयाच्या रुग्णांचे तब्बल २५५० लिटर मूत्र गाळून. त्याचे जनुक १९८५ मध्ये वेगळे झाले आणि १९८९ मध्ये अमेरिकेत औषधाला परवानगी मिळाली. वारंवार रक्त घ्यावे लागणाऱ्या डायलिसिसच्या रुग्णांसाठी ते वरदान ठरले. पुढे हिमोग्लोबिन जितके जास्त तितके बरे, असा मोह वैद्यकविश्वाला पडला. तो महागात पडला. २००६ च्या 'चॉयर' चाचणीत १३.५ ग्रॅमचे उद्दिष्ट ठेवलेल्या मूत्रपिंडरुग्णांत मृत्यू व हृदयविकाराच्या घटना ११.३ ग्रॅमच्या गटापेक्षा अधिक आढळल्या. २००९ च्या 'ट्रीट' चाचणीत औषध घेणाऱ्यांमध्ये पक्षाघाताचे प्रमाण जवळपास दुप्पट दिसले. जन्मजात बदल घेऊन वावरणारा सुदृढ खेळाडू आणि आजारी रुग्ण यांना एकच माप लावता येत नाही. आता औषधाच्या साह्याने मुद्दाम १३ ग्रॅमच्या वर जाऊ नये, असे आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूत्र आहे.

इंजेक्शन घेऊनही काही रुग्णांचे हिमोग्लोबिन वाढत नाही. त्याचे एक नेहमीचे कारण लोहाची कमतरता हे असते. ग्राहीला निरोप पोचतो, पूर्वपेशी जगते. पण हिमोग्लोबिन घडवण्यासाठी लोहच नसते. म्हणूनच ईपीओ सुरू करण्यापूर्वी आणि उपचार चालू असतानाही फेरिटिनची तपासणी केली जाते.