आधी पाणी, मग चाक

आमच्या शहरात फुटबॉलचा विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येते : ‘मोठे स्टेडियम नाही, म्हणून मोठा क्लब नाही.’ पुण्या-मुंबईला जे आहे ते छत्रपती संभाजीनगरला मिळाले, की मराठवाड्याचा संघ देशाच्या लीगमध्ये उतरलाच म्हणून समजा, असे मानणारी माणसे थोडीथोडकी नाहीत. ती खेळाची वैरी नाहीत, प्रेमीच आहेत. आमखास मैदानाच्या कडेला उभे राहून सामने पाहत मी वाढलो. त्यांची तळमळ मला परकी नाही. पण तळमळ खरी असली म्हणून निदान खरे ठरत नाही. चुकलेल्या निदानापायी गेलेला पैसा एक वेळ भरून काढता येईल, खेळाडूंची वाया गेलेली वर्षे भरून निघत नाहीत. म्हणून हे खंडन.

आधी पूर्वपक्ष, त्याच्या पूर्ण बळानिशी. त्याचे चार मुद्दे आहेत. पहिला : राष्ट्रीय पातळीवर खेळायचे तर क्लबला परवाना लागतो, आणि परवान्यासाठी नियमांत बसणारे मैदान, प्रकाशझोत, खेळाडूंच्या खोल्या लागतात. दुसरा : बसायला चांगली जागा मिळाली की प्रेक्षक येतो. तिसरा : वाळूजला बजाज आहे, शेंद्रा-बिडकीनला ऑरिक हे औद्योगिक शहर उभे राहिले आहे, एखाद्या उद्योगसमूहाने संघ दत्तक घेतला की पैशाची चिंता मिटेल. चौथा : सामने नसतील तेव्हा स्टेडियम इतर कार्यक्रमांना देता येईल, म्हणजे त्याचा खर्च तेच भागवील. मांडणी सुसंगत आहे. प्रश्न एवढाच, की ती अनुभवाला उतरते का?

पहिला मुद्दा अर्धा खरा आहे. मैदान नियमांत बसणारे हवे, हे कबूल. पण नियमांत बसणारे म्हणजे अवाढव्य, हे कोणी सांगितले? मुंबई सिटी हा संघ २०१४ आणि २०१५ मध्ये नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर खेळत होता. २०१६ मध्ये तो अंधेरीच्या मुंबई फुटबॉल अरेनात आला. तिथे जेमतेम सात-आठ हजार माणसे बसतात. याच लहान मैदानाला घर मानून त्या संघाने २०२२-२३ मध्ये इंडियन सुपर लीगची शील्ड जिंकली. देशातल्या सर्वोच्च लीगच्या विजेत्याला जेवढी जागा पुरली, तेवढी आपल्या शहराला अपुरी पडेल काय? परवान्याच्या नावाने तीस-चाळीस हजार खुर्च्या मागता येत नाहीत.

आता दुसरा मुद्दा. याची परीक्षा महाराष्ट्रात होऊन गेली आहे, तीही एकदा नव्हे, चार वेळा. पुण्याचे बालेवाडी क्रीडा संकुल १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी उभे राहिले. मुख्य स्टेडियम भव्य आहे. मात्र ते तेव्हाच्या शहराच्या पश्चिम टोकाला, महामार्गालगत उभारले गेले. शिवाय प्रेक्षक आणि चेंडू यांच्यामध्ये धावण्याचा ट्रॅक आहे. या स्टेडियमला घर मानणाऱ्या क्लबांची यादी पाहा. २००७ मध्ये स्थापन झालेला पुणे एफसी २०१२-१३ च्या आय-लीगमध्ये दुसरा आला. २०१५ च्या हंगामानंतर तो गुंडाळला गेला. भारत एफसी २०१४-१५ चा एकच हंगाम खेळला. डीएसके शिवाजीयन्सने दोन हंगामांनंतर, २०१७ मध्ये, आय-लीग सोडली. २०१४ मध्ये थाटात उतरलेला एफसी पुणे सिटी २०१९ मध्ये बंद पडला. पाच वर्षांच्या आत चार क्लब संपले. चौघांनाही स्टेडियम होते. मग ते कशाने मेले? स्टेडियम नसल्याने तर खासच नव्हे.

याहून बोलका दाखला इंग्लंडमधला आहे. डार्लिंग्टन हा चौथ्या श्रेणीतला छोटा क्लब. मालक जॉर्ज रेनॉल्ड्स यांनी त्याच्यासाठी २५,००० आसनांचे स्टेडियम बांधले आणि २००३ मध्ये ते खुले झाले. पहिल्या सामन्याला साडेअकरा हजारांवर माणसे आली. ती नवे बांधकाम पाहायला आली होती; क्लबचा नेहमीचा प्रेक्षक दोन-चार हजारांतला होता आणि तेवढाच राहिला. त्याच वर्षीच्या डिसेंबरात क्लबवर प्रशासक नेमावा लागला. पुढे २००९ मध्ये आणि २०१२ मध्येही तीच वेळ आली. शेवटी समर्थकांनी ते स्टेडियम मागे टाकले आणि खालच्या श्रेणीतून क्लब नव्याने उभा केला. नव्या जागेने प्रेक्षक आणले खरे. एका दिवसापुरते.

इथे मला विरुद्ध टोकाच्या मतालाही अडवले पाहिजे. डार्लिंग्टनचे नाव निघाले की काही जण लगेच म्हणतात, लहान क्लबांना मोठी स्टेडियमच गिळतात. हेही पुरते खरे नाही. बरी हा इंग्लिश क्लब १८८५ पासून गिग लेन या आपल्या जुन्या, बेताच्या मैदानावर खेळत होता. तरी ऑगस्ट २०१९ मध्ये त्याला लीगमधून काढण्यात आले. कारण होते उत्पन्नाला न पेलणारे पगार आणि खुद्द मैदानावर चढलेले कर्ज. स्कॉटलंडचे ग्रेटना हे तर जेमतेम तीन हजार वस्तीचे गाव. एका श्रीमंत मालकाच्या जोरावर तिथला क्लब सर्वोच्च श्रेणीत पोहोचला. मालक आजारी पडला, पैसा थांबला आणि २००८ मध्ये क्लब संपला. त्याचे स्वतःचे मैदान तर इतके लहान होते, की सर्वोच्च श्रेणीचे सामने त्याला दुसऱ्या क्लबच्या मैदानावर खेळावे लागले. तात्पर्य काय? मोठ्या स्टेडियमने क्लब जगत नाही, आणि निव्वळ लहान मैदानाने वाचतही नाही. दुखणे दुसरीकडे आहे.

ते कुठे आहे, हे तिसऱ्या मुद्द्यात कळते. उद्योगसमूह पाठीशी असला की क्लब सुरक्षित, हा समज सर्वांत रूढ आहे आणि सर्वांत घातकही. मुंबईचा महिंद्रा युनायटेड २००५-०६ चा राष्ट्रीय विजेता. २०१० मध्ये तो बंद झाला. महिंद्रा कंपनी बुडाली होती का? मुळीच नाही, तिने फक्त आपले लक्ष शालेय फुटबॉलकडे वळवायचे ठरवले. फगवाड्याचा जेसीटी हा पहिल्या राष्ट्रीय लीगचा विजेता. तो २०११ मध्ये गेला. मुंबई एफसी २०१७ मध्ये गेला. एफसी पुणे सिटीची जागा हैदराबाद एफसीने घेतली. तो संघ २०२१-२२ मध्ये विजेता झाला, पुढे खेळाडूंचे पगार थकले आणि २०२५ मध्ये तोही दिल्लीला हलला. पुणे, हैदराबाद, दिल्ली : सहा वर्षांत लीगमधली एक जागा तीन शहरे फिरली. जो क्लब एका सहीने गाव बदलतो, तो त्या गावाचा होता असे कोणत्या तोंडाने म्हणायचे? कंपनीला क्लब हा खर्चाचा एक रकाना असतो. रकाना खोडणे हा तिचा अधिकार आहे. त्याबद्दल तिला दोष देता येत नाही. दोष आपला, की आपण त्या रकान्याला घर समजलो.

प्रतिपक्ष इथे गोव्याकडे बोट दाखवील : डेम्पो आणि साळगावकर हेही उद्योजक घराण्यांचेच क्लब, ते कसे टिकले? प्रश्न रास्त आहे आणि उत्तर माझ्याच बाजूचे आहे. या दोघांनी २०१६ मध्ये आय-लीगमधून माघार घेतली, पण ते मेले नाहीत. कारण माघार घेऊन परत यायला त्यांना गोव्याची स्वतःची लीग होती. गावोगावचे खेळाडू होते, पिढ्यान्‌पिढ्यांचे प्रेक्षक होते. त्याच लीगमध्ये खेळत राहिलेला डेम्पो २०२४-२५ मध्ये पुन्हा आय-लीगमध्ये दिसला. पुण्याच्या क्लबांना मागे वळून परतायला असे घर नव्हते. भेद एवढाच आहे, आणि तोच निर्णायक आहे.

चौथा मुद्दा, इतर कार्यक्रमांच्या उत्पन्नाचा. जानेवारी २०२५ मध्ये डी. वाय. पाटील स्टेडियमवर कोल्डप्लेच्या गाण्याला जनसागर लोटला. स्टेडियम झकास चालले आहे. पण त्याला घर मानणारा फुटबॉल क्लब तिथून केव्हाच निघून गेला होता, हे विसरू नये. याउलट गहुंजेचे क्रिकेट स्टेडियम घ्या. नावाच्या हक्काचे ठरलेले पैसे आले नाहीत, म्हणून २०१३ मध्ये सहाराचे नाव उतरवावे लागले. २०१८ मध्ये थकलेल्या कर्जापायी बँकेने त्याचा प्रतीकात्मक ताबा घेतला. क्रिकेट संघटनेच्या मागे क्रिकेटचा पैसा आहे, म्हणून तिने तो भार सोसला. जिल्ह्यातला फुटबॉल क्लब सोसेल? दहा-बारा संघांच्या लीगमध्ये घरचे सामने वर्षाला नऊ ते अकरा. उरलेले साडेतीनशे दिवस गवत, निचरा, वीज आणि पहारा यांचे बिल कोणाच्या नावावर जायचे? आणि ते भागवायला मैदानावर मंडप घालायचे असतील, तर ते मैदान फुटबॉलचे उरले कुठे?

खंडन झाले. आता मंडन, कारण नुसते पाडून थांबणे हा वादाचा धर्म नव्हे.

महाराष्ट्रात फुटबॉल जिवंत पाहायचा असेल तर कोल्हापूरला जावे. पाटाकडील, दिलबहार, बालगोपाल, खंडोबा : हे संघ कुस्तीच्या तालमींच्या नावाने आणि पेठांच्या अभिमानाने खेळतात. शिवाजी तरुण मंडळ आहे, प्रॅक्टिस क्लब आहे. कोल्हापूर स्पोर्ट्‌स असोसिएशनची लीग आहे आणि शहराच्या मध्यवस्तीत राजर्षी शाहू स्टेडियम आहे. तिथल्या दगडी पायऱ्यांवर हजारो लोक भर उन्हात बसतात. २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव याच मातीतला. पेठांच्या ईर्षेतून तिथे हाणामाऱ्या होतात, सामने थांबवावे लागतात, हा दोष मी झाकत नाही. पण ईर्षेला शिस्त लावता येते. उदासीनतेला काय लावणार? मराठी माणसाला फुटबॉलचे वेड नाही, असे म्हणणाऱ्यांनी तिथला एक अंतिम सामना पाहावा. तालीम आधी होती, संघ तिच्यातून आला, प्रेक्षक संघाबरोबर आला. स्टेडियम या सगळ्यांना सामावून घ्यायला आले. क्रम हा आहे.

मग संभाजीनगरने काय करावे? आपल्याकडे आमखास आहे, गारखेड्याचे विभागीय क्रीडा संकुल आहे, विद्यापीठाचा विस्तीर्ण परिसर आहे. यांपैकी एखादे मैदान फुटबॉलसाठी सपाट करावे, त्याला निचरा आणि दिवे द्यावेत, दोन-तीन हजार माणसे बसतील अशा पायऱ्या बांधाव्यात. शहराच्या लीगच्या तारखा वर्षभर आधी जाहीर व्हाव्यात आणि त्या मोडू नयेत. मोहल्ल्यामोहल्ल्यांचे, वसाहतींचे संघ नोंदवले जावेत. प्रत्येकाचे वर्गणी भरणारे सभासद असावेत आणि हिशेब त्यांच्यासमोर मांडला जावा. उद्योगांनी मदत जरूर करावी, पण मालक म्हणून नव्हे, वर्गणीदार म्हणून : एक देणगीदार गेला तरी संघ उभा राहिला पाहिजे. दहा वर्षांनी त्या पायऱ्या अपुऱ्या पडल्या, तर मोठे स्टेडियम मागायला सर्वांत पुढे मी असेन. तेव्हा ती मागणी गर्दीची असेल. आज ती फक्त नकाशाची आहे.

हे समजायला आपल्याला इंग्लंडला जायची गरज नाही. आपली पाणचक्की पाहा. डोंगराकडून मातीच्या नळांनी येणारे पाणी उंचावरून पडे, त्याच्या जोराने चाक फिरे आणि जात्यातून पीठ पडे. ज्यांनी ती बांधली त्यांनी चाकाच्या आकारावर विसंबून काम केले नाही. आधी मैलोन्‌मैल पाणी आणले. पाणी नसते तर चाक दुप्पट मोठे करून त्यांना काय मिळाले असते? फुटबॉलचे पाणी म्हणजे दर आठवड्याला मैदानावर येणारी माणसे. ती आणण्याचे काम लांबचे आहे, जमिनीखालचे आहे, उद्‌घाटनाच्या फितीइतके देखणे नाही. पुरावा समोर ठेवला आहे. आधी चाक की आधी पाणी, हा निवाडा वाचकांनी करावा.