संकरित रेझीन (त्रिमितीय मुद्रण)

संकरित रेझीन म्हणजे प्रकाश पडल्यावर दोन निराळ्या रासायनिक प्रक्रियांनी घट्ट होणारे द्रव मिश्रण. त्रिमितीय मुद्रणातील स्टिरिओलिथोग्राफी व तिच्या जवळच्या पद्धतींत त्याचा वापर होतो. सर्वाधिक रूढ प्रकारात ॲक्रिलेट आणि इपॉक्सी ही दोन एकवारिके, म्हणजे मोनोमर, एकाच मिश्रणात असतात. ॲक्रिलेट क्षणार्धात घट्ट होऊन वस्तूला आकार देते, तर इपॉक्सी सावकाश घट्ट होऊन मापाची अचूकता राखते. रेझिनात नुसती काचेची किंवा सिरॅमिकची भुकटी मिसळली तर ते संकरित ठरत नाही. जाहिरातींत मात्र त्यालाही 'हायब्रिड' म्हटलेले आढळते.

इतिहास

जपानमधील नागोया येथील हिदेओ कोदामा यांनी १९८१ मध्ये प्रकाशाने थरावर थर घट्ट करून वस्तू घडविण्याच्या पद्धतीचे वर्णन प्रसिद्ध केले. अमेरिकेतील चार्ल्स हल यांनी १९८४ मध्ये स्टिरिओलिथोग्राफीच्या एकस्वासाठी अर्ज केला आणि १९८६ मध्ये त्यांना ते मिळाले. सुरुवातीची रेझिने ॲक्रिलेट वर्गातील होती. ती लवकर घट्ट होत, पण आकसत. प्रत्येक नवा थर आकसताना खालच्या थराला ओढत असे आणि सपाट वस्तूच्या कडा वर उचलल्या जात.

यावरील उपाय मुद्रणासाठी शोधलेला नव्हता. जनरल इलेक्ट्रिक कंपनीतील जेम्स क्रिव्हेलो यांनी १९७० च्या दशकात आयोडोनियम व सल्फोनियम क्षारांचा अभ्यास केला. हे क्षार जंबुपार प्रकाशात तीव्र आम्ल निर्माण करतात आणि त्या आम्लाने इपॉक्सी घट्ट होते. हे रसायन वापरणारी इपॉक्सीप्रधान रेझिने १९९० च्या दशकाच्या पूर्वार्धात सीबा-गायगी कंपनीने स्टिरिओलिथोग्राफीसाठी बाजारात आणली. त्यांच्यामुळे मुद्रित वस्तूंची अचूकता लक्षणीय वाढली.

रासायनिक तत्त्व

ॲक्रिलेटचे बहुवारिकीकरण मुक्त मूलकांमार्फत होते. प्रकाश-आरंभक रेणू प्रकाश शोषून फुटतो, त्यातून मूलक निघतात आणि साखळी वाढू लागते. हवेतील ऑक्सिजन या मूलकांशी संयोग पावून साखळी रोखतो, म्हणून हवेशी संपर्क असलेला पृष्ठभाग चिकट राहतो. प्रकाश थांबला की प्रक्रियाही लवकरच थांबते.

इपॉक्सीचे बहुवारिकीकरण धनायनांमार्फत होते. आम्लामुळे रेणूतील ताणलेले तीन अणूंचे वलय उघडते व साखळीत जोडले जाते. वलय उघडताना थोडी जागा मोकळी होत असल्याने आकसणे ॲक्रिलेटपेक्षा बरेच कमी असते. ऑक्सिजनचा या प्रक्रियेला अडथळा होत नाही. प्रकाश बंद झाल्यावरही ती अंधारात तासन्‌तास चालू राहते. तिचे वैरी दोन: आम्लारिधर्मी पदार्थ आणि पाणी.

दोन्ही एकत्र आल्यावर ॲक्रिलेटचे जाळे आधी तयार होते आणि त्याच्या पोकळ्यांत इपॉक्सीचे दुसरे जाळे विणले जाते. यास परस्परभेदी जाळे म्हणतात. दोन्ही जाळी एकमेकांत नीट न मिसळल्यास पदार्थ गढूळ व ठिसूळ होतो. अशा वेळी ग्लायसिडिल मेथॅक्रिलेटसारखे, दोन्ही प्रकारचे क्रियाशील गट असलेले एकवारिक दुव्यासारखे वापरता येते.

मिश्रणाची जुळणी

कोणतेही ॲक्रिलेट कोणत्याही इपॉक्सीबरोबर चालत नाही. युरेथेन ॲक्रिलेट चिवट असते, पण त्यातील नायट्रोजनयुक्त गट आम्लाला बांधून इपॉक्सीचा वेग कमी करतात. ॲक्रिलेट रेझिनांत वापरली जाणारी अमीन संयुगे तर पूर्णपणे वर्ज्य ठरतात. इपॉक्सींपैकी चक्रीय ॲलिफॅटिक प्रकार वेगवान असल्याने पसंत केला जातो. वेग वाढविण्यासाठी ऑक्सिटेन आणि ठिसूळपणा कमी करण्यासाठी पॉलिऑल मिसळतात. मिश्रण पुरेसे पातळही असावे लागते, अन्यथा प्रत्येक थरानंतर नवा थर समपातळीत पसरत नाही.

प्रकाशाची तरंगलांबी हा वेगळाच पेच आहे. औद्योगिक यंत्रांतील लेसर बहुधा ३५५ नॅनोमीटरचा असतो, तर टेबलावरील स्वस्त यंत्रांत ४०५ नॅनोमीटरचे एलईडी असतात. क्रिव्हेलो यांचे क्षार ४०५ नॅनोमीटरला फारसा प्रकाश शोषत नाहीत, त्यामुळे वेगळे प्रकाश-संवेदक घालावे लागतात. घट्ट होणाऱ्या थराची खोली प्रकाश-ऊर्जेच्या लॉगरिथमनुसार वाढते. रेझिनाची प्रवेश-खोली ०.१५ मिमी असेल, तर ऊर्जा दुप्पट करूनही थराची खोली केवळ सुमारे ०.१ मिमीने वाढते.

दमट हवेचा परिणाम

पाण्याचा रेणू वाढत्या इपॉक्सी साखळीशी संयोग पावून ती तोडतो व नवी साखळी सुरू करतो. परिणामी साखळ्या आखूड राहतात आणि वस्तू मऊ होते. पाश्चात्त्य तांत्रिक पत्रकांत हा मुद्दा एखाद्या ओळीत उरकलेला असतो, पण कोकणात तो दुय्यम नाही. रायगड जिल्ह्यात, सावित्रीच्या खोऱ्यातील महाड आणि कोकण रेल्वेवरील वीर या परिसरात पावसाळ्याचे चार महिने हवा जवळजवळ संपृक्त असते. अशा ठिकाणी इपॉक्सीप्रधान रेझीन उघड्या भांड्यात ठेवल्यास ते ओलावा शोषते. म्हणून बाटली घट्ट बंद ठेवणे, मुद्रणाची खोली कोरडी राखणे आणि मुद्रणानंतर वस्तू सौम्य उष्णतेत ठेवून प्रक्रिया पूर्ण करणे हे उपाय करतात. मुद्रित वस्तूही नंतर पाणी शोषून किंचित फुगते, त्यामुळे घट्ट बसणाऱ्या भागांची मापे पावसाळ्यात बिघडू शकतात.

अन्य संकरित प्रकार

जर्मनीतील वुर्झबर्ग येथील फ्राउनहोफर संस्थेने विकसित केलेल्या ऑर्मोसर पदार्थांत सिलिकॉन-ऑक्सिजनचा असेंद्रिय सांगाडा व सेंद्रिय गट एकाच रेणूत असतात. दंतवैद्यकात त्यांचा उपयोग होतो. दुसरा प्रकार प्रकाश आणि उष्णता या दोन टप्प्यांत घट्ट होतो. अमेरिकेतील कार्बन कंपनीची पॉलियुरेथेन रेझिने या वर्गातील आहेत. याच कंपनीने २०१५ मध्ये जाहीर केलेल्या पद्धतीत ऑक्सिजनच्या अडथळ्याचाच उपयोग केला आहे: भांड्याच्या तळाशी ऑक्सिजनमुळे द्रवाचा पातळ थर कायम राहतो, वस्तू तळाला चिकटत नाही आणि मुद्रण अखंड चालते.

महाराष्ट्रातील कार्य

भारतीय तंत्रज्ञान संस्था, मुंबई येथे प्रसन्ना गांधी यांच्या गटाने सूक्ष्म स्टिरिओलिथोग्राफीची यंत्रणा विकसित केली. त्यात वापरलेले हेक्झेनडायॉल डायॲक्रिलेट हे शुद्ध ॲक्रिलेट असून संकरित नाही. बहुवारिक रसायनशास्त्राचे शिक्षण व संशोधन पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आणि माटुंग्याची रसायन तंत्रज्ञान संस्था येथे चालते.

सुरक्षितता

न घट्ट झालेले ॲक्रिलेट व इपॉक्सी त्वचेला ॲलर्जी निर्माण करू शकतात. एकदा जडलेली ही ॲलर्जी सहसा जात नाही, म्हणून नायट्राइल हातमोजे आवश्यक असतात. अनेक धनायनी प्रकाश-आरंभकांत अँटिमनीचे संयुग असते. उरलेले रेझीन किंवा वस्तू धुतलेला अल्कोहोल गटारात सोडू नये. उरलेले रेझीन उन्हात पूर्ण घट्ट करून घनकचरा म्हणून वेगळे द्यावे. महाड औद्योगिक वसाहतीतील कारखान्यांना सामायिक सांडपाणी प्रक्रिया केंद्र उपलब्ध आहे, शाळेच्या किंवा घरच्या मुद्रकाला अशी सोय नसते.