इंपॅक्ट : एका ठळक टंकाची कुळकथा

छापील पानावर दृष्टि पडतांच, मजकूर वाचण्यापूर्वींच, कांहीं शब्द वाचकाच्या अंगावर धांवून येतात. हें सामर्थ्य जितकें शब्दांच्या अर्थांत, तितकेंच अक्षरांच्या घडणींत असतें. रोमन लिपींतील ‘इंपॅक्ट’ हा टंक त्याचा बोलका नमुना होय. इंपॅक्ट म्हणजे आघात. जसें नांव तसेंच रूप.

रोमन छापील अक्षरांच्या रेषांना टोकांशीं बारीक आडवे काटे असत. त्यांस सेरिफ म्हणतात. सुमारें साडेतीनशें वर्षें हा प्रघात चालला. १८१६ च्या सुमारास लंडनच्या चवथ्या विल्यम कॅझलननें आपल्या नमुना-पुस्तकांत बिनकांट्यांच्या अक्षरांची एकच ओळ छापली. तींत केवळ कॅपिटल अक्षरें होतीं. १८१९ मध्यें त्यानें आपला खिळे ओतण्याचा कारखाना शेफील्डच्या एका पेढीस विकला. तीच पुढें स्टीफन्सन ब्लेक या नांवानें प्रसिद्धीस आली. १८३२ मध्यें विन्सेंट फिगिन्सनें असल्या टंकास ‘सॅन्स-सेरिफ’ म्हटलें. तो काळ कारखान्यांचा व जाहिरातींचा होता. भिंतीवरील पत्रकास रस्त्यानें जाणारा माणूस थांबवावयाचा असे. त्या कामीं पुस्तकांतील सौम्य अक्षर अपुरें पडे.

पुढें १९६५ मध्यें याच स्टीफन्सन ब्लेकनें जेफ्री ली यानें आंखलेला इंपॅक्ट बाजारांत आणला. ठराविक जागेंत शक्य तितकी अधिक शाई कागदावर उतरावी, हा लीचा हेतु. त्याकरितां त्यानें रेषा जाड केल्या, अक्षरांच्या पोटांतील पोकळी चिरेएवढी अरुंद ठेवली, लहान अक्षरें जवळजवळ कॅपिटलांइतकीं उंच केलीं आणि वरखालच्या शेपट्या तोडल्या. त्यामुळें अरुंद रकान्यांतही मोठा मथळा बसूं लागला. परंतु गुण तोच दोष. बारीक आकारांत त्या चिरा बुजतात, अक्षरा-अक्षरांतील भेद मावळतो आणि दोनचार ओळींतच डोळा शिणतो. चार शब्दांचा हा राजा चार परिच्छेदांस मात्र पारखा!

इंपॅक्ट जन्मला तेव्हां शिशाच्या खिळ्यांचा काळ सरत आला होता. प्रकाशाच्या साहाय्यानें अक्षरें जुळविण्याची रीत पुढें सरसावत होती. तरी हा टंक धातूबरोबर लोपला नाहीं. १९९६ मध्यें मायक्रोसॉफ्टनें संगणकांसाठीं विनामूल्य दिलेल्या टंकांत त्यास स्थान मिळालें. मग विनोदी चित्रांवर काळ्या कडेचीं पांढरीं इंपॅक्ट अक्षरें जगभर दिसूं लागलीं. यांतही युक्ति आहे : चित्र उजळ असो वा काळसर, पांढरें अंग अथवा काळी कड, दोहोंपैकीं एक उठून दिसतेंच.

तथापि या टंकाचा प्रभाव शेजारच्या शांत अक्षरांवर अवलंबून असतो. ज्या पानावर प्रत्येक ओळ ओरडते, तेथें एकही ओळ ऐकूं येत नाहीं. दवंडी पिटणाऱ्यानें ढोल वाजवून लोक जमवावे, परंतु वार्ता सांगतांना ढोल थांबवावा, हा जुना विवेक आहे. छापखान्यांतील मोठ्या अक्षरासही तो तितकाच लागू पडतो.