सहा इंचांची पायरी

इतिहास म्हटला की गड, तह, लढाया आणि राज्याभिषेक डोळ्यांपुढे उभे राहतात. फुटपाथाच्या कडेला बसवलेल्या दगडाचा इतिहास कोणी लिहावा, आणि तोही फराळाच्या ताटाशेजारी ठेवायच्या अंकात, असे काही वाचकांना वाटेल. परंतु गेली काही वर्षे मी या दगडाच्या नादी लागलो आहे. एखादे गाव आपल्या अधू माणसांशी कसे वागते हे पाहायचे असेल, तर तिथल्या नगरपालिकेचे ठराव वाचावेत आणि मग बाहेर येऊन त्या दगडाची उंची मोजावी, असे माझे मत बनले आहे. दोन्हींचा मेळ क्वचितच बसतो, आणि बसतो तेव्हा त्यामागे मोठी झटापट झालेली असते.

दगड मुळात वाईट हेतूने बसलेला नाही. इसवी सन ७९ मध्ये व्हेसूव्हियसच्या राखेखाली गडप झालेले पाँपेई उकरून काढले, तेव्हा रस्त्यांच्या दोन्ही बाजूंना चांगले उंच पदपथ सापडले. रस्ता ओलांडण्यासाठी मधोमध मोठाले धोंडे मांडलेले होते, आणि त्यांच्यामध्ये गाडीची चाके जाण्यापुरती फट होती. रस्त्यातून पाणी आणि घाण वाहत असे. तिच्यापासून नागरिकांचे पाय वाचावेत हा हेतू. पुढे घोडागाड्यांच्या आणि मोटारींच्या काळात याच युक्तीने पायी चालणाऱ्याला जपले. आपल्याकडच्या २०१२ सालच्या रस्तेविषयक मार्गदर्शिकेतही फुटपाथाची उंची १५० मिलिमीटरपेक्षा अधिक असू नये असे सांगितले आहे. म्हणजे सुमारे सहा इंच. धडधाकट माणसाला ही पायरी दिसतही नाही. चाकांच्या खुर्चीत बसलेल्या माणसापुढे मात्र ती भिंतीसारखी उभी राहते.

ही भिंत प्रथम खटकली ती लढाईवरून परतलेल्या शिपायांना. अमेरिकेच्या मिशिगन राज्यात बॅटल क्रीक येथे दुसऱ्या महायुद्धाच्या काळात एक मोठे लष्करी रुग्णालय होते. हात-पाय गमावलेले जवान तिथे बरे होत. बरे होऊन जवळच्या कॅलमझू गावी आले, की बाजारपेठेत पहिल्याच कोपऱ्यावर त्यांची गाडी अडे. त्या गावात जॅक फिशर नावाचे एक वकील होते. ते स्वतः सैन्यात होते आणि अपंगही होते. त्यांनी नगरपालिकेकडे मागणी लावून धरली, आणि १९४५ साली नगरपालिकेने बाजारपेठेतल्या काही कोपऱ्यांवर प्रयोग म्हणून फुटपाथ उतरता करून दिला. युद्धातून आलेल्या माणसाला पदक देऊन गाव मोकळे होऊ शकले असते. या गावाने पदकाऐवजी चार पैशांचे सिमेंट ओतले. त्या सिमेंटाने माणसे कामावर जाऊ लागली.

प्रयोग चांगला होता, पण त्याचा बोलबाला झाला नाही. तो व्हायला पाव शतक जावे लागले, आणि त्याचे श्रेय कॅलिफोर्नियातल्या बर्कले शहराला मिळाले.

एड रॉबर्ट्स यांना १९५३ साली, वयाच्या चौदाव्या वर्षी पोलिओ झाला. मानेखालचे शरीर जवळजवळ निकामी झाले. रात्री त्यांना आयर्न लंग नावाच्या, पिंपासारख्या यंत्रात झोपून श्वास घ्यावा लागे. अशा मुलाने शिकून काय करायचे, असा सल्ला देणारे तिथेही पुष्कळ होते. पुनर्वसन करणाऱ्या सरकारी खात्यानेच, हा नोकरी करण्याजोगा होणे नाही, असा शेरा मारला. तरीही १९६२ साली रॉबर्ट्स बर्कलेच्या विद्यापीठात दाखल झाले. ते अवजड यंत्र वसतिगृहात मावेना, म्हणून त्यांची सोय विद्यापीठाच्या रुग्णालयात केली. हळूहळू तिथे त्यांच्यासारखी आणखी मुले येऊन राहू लागली. रुग्णालयाच्या त्या मजल्यावर औषधांच्या वासाबरोबर राजकारणाच्या चर्चाही रंगू लागल्या असतील, कारण थोड्याच वर्षांत ही मंडळी संघटना करून नगरपालिकेच्या दाराशी जाऊन उभी राहिली.

त्या काळाविषयी बर्कलेत एक कथा मोठ्या चवीने सांगतात. अपंग विद्यार्थी आणि त्यांचे सोबती रात्री हातोडे आणि सिमेंटची घमेली घेऊन निघत आणि फुटपाथ फोडून स्वतःच उतार करीत. एखाद्या रात्री तसे झालेही असेल. परंतु शहर बदलले ते दिवसाढवळ्या, अर्ज-विनंत्यांनी आणि सभांतून. २८ सप्टेंबर १९७१ रोजी बर्कलेच्या नगरसभेने ठराव केला, की मुख्य व्यापारी भागांतले रस्ते आणि पदपथ अपंगांना हिंडता-फिरता येईल अशा रीतीनेच बांधले जावेत. कोणत्या कोपऱ्यांवर उतार हवेत, याच्या आखणीत हेल झुकास यांचा मोठा वाटा होता. झुकास यांना जन्मापासून सेरेब्रल पाल्सी होती. बोललेले इतरांना उमगत नसे. डोक्याला बांधलेल्या काठीने पाटीवरची एकेक अक्षरे दाखवून ते बोलत. असा माणूस अभियंत्यांबरोबर रस्त्यांचा नकाशा पाहतो आहे, हे चित्र मला फार मोलाचे वाटते. त्यांच्यासाठी कोणी काही करीत नव्हते. ते स्वतःच करीत होते.

आणि नियतीचा विनोद पाहा. ज्या खात्याने रॉबर्ट्स यांच्या नावापुढे तो शेरा मारला होता, त्याच खात्याचे प्रमुख म्हणून १९७५ साली त्यांची नेमणूक झाली. १९९० साली अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याने असे उतार देशभर बंधनकारक केले. तोवर एक गोष्ट सर्वांच्या ध्यानात आली होती. उतार बांधला खुर्चीसाठी, पण त्यावरून बाळाची गाडी ढकलणाऱ्या आया जात होत्या, सामानाची ढकलगाडी नेणारे हमाल जात होते, गुडघे दुखणारे आजोबा जात होते.

इथे गोष्ट संपली असती तर ती बालबोध झाली असती. परंतु तिच्यात एक गाठ आहे, आणि मला तीच सर्वांत महत्त्वाची वाटते.

खुर्चीवाल्याला जी पायरी अडवते, तीच पायरी अंध माणसाला वाचवते. पांढरी काठी टेकत चालणाऱ्याला फुटपाथ कुठे संपला आणि मोटारींचे राज्य कुठे सुरू झाले, हे त्या सहा इंचांवरूनच कळते. कोपरा गुळगुळीत उतरता केला, की तो बिचारा नकळत रस्त्याच्या मध्यावर पोहोचतो. एकाची वाट ती दुसऱ्याचा घात! या पेचाचे उत्तर पाहण्यासाठी आपल्याला जपानात जावे लागेल.

ओकायामा शहरात सेइइची मियाके नावाचे गृहस्थ होते. त्यांच्या एका मित्राची दृष्टी जात चालली होती. त्याच्यासाठी काय करता येईल या विचारात, १९६५ साली त्यांनी वर उंचवटे असलेली एक फरशी तयार केली. बुटाच्या तळव्याला ते उंचवटे जाणवत. १८ मार्च १९६७ रोजी ओकायामाच्या अंधशाळेजवळच्या रस्ता ओलांडण्याच्या जागी अशा २३० फरश्या प्रथम बसवल्या गेल्या. पुढे त्यांचे दोन प्रकार रूढ झाले. लांब पट्ट्यांची फरशी सांगते, ‘चल.’ गोल ठिपक्यांची सांगते, ‘थांब.’ रंग पिवळा, कारण ज्यांना अंधुक दिसते त्यांनाही तो दिसावा.

सुरुवातीला फारसे कोणी विचारीना. १९७३ साली तोक्योतल्या ताकादानोबाबा स्थानकात एक अंध प्रवासी फलाटावरून पडून गाडीखाली सापडला. त्या फलाटावर अशा फरश्या नव्हत्या. रेल्वेवर खटला झाला, वर्तमानपत्रांतून चर्चा झाली, आणि फरश्यांचा प्रश्न घराघरांत पोहोचला. लोकजागृती म्हणतात ती अशी पुष्कळदा एखाद्याच्या मरणाने होते, हे लिहिताना बरे वाटत नाही, पण खरे आहे. १९७४ साली तोक्योजवळच्या माचिदा शहराने, इमारती आणि रस्ते सर्वांना वापरता येतील असे कसे असावेत, याचे स्वतःचे नियम केले. केंद्राच्या कायद्याची वाट पाहत हे शहर बसले नाही.

आता त्या सहा इंचांचे काय झाले? जपानी मानकानुसार रस्ता ओलांडण्याच्या जागी फुटपाथाची कड पार सपाट करीत नाहीत. दोन सेंटिमीटर उंच ठेवतात. दोन सेंटिमीटर खुर्चीचे चाक चढून जाते, आणि दोन सेंटिमीटर काठीला लागतात. खुर्चीवाल्यांना ती थोडी अधिक वाटते, अंधांना थोडी कमी. दोघांनीही जरा सोसायचे, आणि दोघांनीही रस्ता ओलांडायचा. मोठमोठ्या तहांविषयी मी पुष्कळ वाचले आहे, पण या दोन सेंटिमीटरांच्या तहाइतका शहाणा तह फार थोडे वेळा झाला असेल.

ती पिवळी फरशी आज आपल्याकडे मेट्रोच्या स्थानकांत, रेल्वेच्या फलाटांवर आणि नव्या फुटपाथांवर सर्रास दिसते. पुष्कळ लोक तिला शोभेची नक्षी समजतात. ती ओकायामाहून आली आहे हे सांगितले, की नवल करतात. पण नवल करावे असे दुसरेच काही आहे. मी एका शहरात पाहिले, ती पिवळी पट्टी सरळ जाऊन विजेच्या खांबाला भिडली होती. दुसरीकडे ती वळणावरच्या झाडाच्या बुंध्यात शिरली होती. ठेकेदाराने फरश्या मोजून दिल्या, कारकुनाने मोजून घेतल्या, बिल मंजूर झाले. अंध माणसाला तेवढे कोणी विचारले नाही. फुटपाथाला उतार केला, तर त्याच्या तोंडाशी फटफट्या चढू नयेत म्हणून लोखंडी खुंट ठोकलेले असतात. फटफटी त्यांतून लीलया निसटते. खुर्ची मात्र अडते.

आमच्या मावशीला अर्धांगाचा झटका आला, त्याला आता सहा वर्षे होतील. तिच्या गल्लीच्या टोकाला दर वर्षी दिवाळी पहाटेचा गाण्याचा कार्यक्रम होतो. तानपुऱ्याचा सूर तिच्या गॅलरीपर्यंत येतो. एकदा मी म्हटले, ‘चल, नेतो तुला.’ तर म्हणाली, ‘अरे, इथून दीडशे पावलं आहेत आणि दोन पायऱ्या. पावलांचं मला काही वाटत नाही.’ आम्ही दोघे-तिघे उचलून नेऊ म्हणालो, तर चिडली. ‘उचलून मिरवायला मी काय गणपती आहे?’ त्या प्रश्नाला आमच्यापैकी कोणाकडेच उत्तर नव्हते. ती गॅलरीत बसूनच गाणे ऐकते. गल्लीतल्या नव्या बिऱ्हाडकरूंना अशी कोणी बाई तिथे राहते, हेही ठाऊक नाही. पायरी आहे म्हणून ती दिसत नाही, आणि ती दिसत नाही म्हणून पायरी कोणाला खटकत नाही, असे हे चक्र आहे.

कायदा नाही असे मुळीच नाही. १९९५ च्या कायद्यात फुटपाथाला उतार, सिग्नलला आवाज, झेब्रा पट्ट्यांवर आणि फलाटांच्या कडांवर अंधांसाठी खुणा, हे सारे स्पष्ट लिहिले होते, आणि स्थानिक संस्थांवर त्याची जबाबदारी टाकली होती. फक्त त्यात एक शब्दसमूह होता: आपल्या आर्थिक कुवतीच्या मर्यादेत. हे शब्द कोणत्याही कार्यालयाला गाढ झोपेसाठी पुरेसे आहेत. २०१५ च्या ३ डिसेंबरला, जागतिक अपंग दिनी, सुगम्य भारत अभियान सुरू झाले. त्याच महिन्यात पंतप्रधानांनी ‘दिव्यांग’ हा शब्द सुचवला, आणि आपल्याकडे तो लवकरच कागदोपत्री रुळला. २०१६ चा नवा कायदा अधिक कडक आला. तरी त्याखालच्या २०१७ च्या नियमांचे स्वरूप शिफारशीसारखेच आहे असे पाहून, ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यातला संबंधित नियम कायद्याशी विसंगत ठरवला आणि बंधनकारक मानके करण्यास सरकारला सांगितले. शब्द बदलला, कायदा बदलला. आमच्या गल्लीतली पायरी तेवढी जागच्या जागी आहे.

२०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात अपंगांची संख्या सुमारे २९ लाख ६३ हजार नोंदली गेली. आपल्या राज्यात स्थानिक संस्थांनी स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के या लोकांसाठी राखून ठेवावेत असा दंडक आहे, आणि २०२२ पासून त्यांच्यासाठी स्वतंत्र खातेही आहे. तेव्हा पैसा नाही ही सबब पुरी पडत नाही. कॅलमझूच्या आणि बर्कलेच्या गोष्टीत मला श्रीमंतीपेक्षा एकच गोष्ट ठळक दिसते: ज्याला पायरी लागते, तो माणूस ठराव होण्यापूर्वी सभेत होता, आणि सिमेंट ओतण्यापूर्वी कोपऱ्यावर होता. जिथे तो होता तिथे दोन सेंटिमीटरांचा तह निघाला. जिथे नव्हता तिथे पिवळी पट्टी खांबात शिरली.

तुमच्या वॉर्डातला फुटपाथ लवकरच पुन्हा उकरला जाईल. तो दर वर्षी उकरला जातोच. त्या वेळी आपल्या गल्लीत काठी टेकत चालणारे कोण आहे आणि खुर्चीत बसणारे कोण आहे, याची चौकशी करा. त्यांना घेऊन कामावरच्या अभियंत्याला गाठा, आणि फरशी बसण्यापूर्वी त्यांना चालून पाहू द्या. काम फार तर एका सकाळचे आहे. दगड पक्का झाल्यावर मात्र पुढची वीस वर्षे कोणाचे काही चालत नाही.