काळापलीकडची लग्नगाठ : मॉर्मन मंदिरातील विवाह

सप्तपदी पूर्ण झाली की लग्न लागले, अशी हिंदू विवाहाची धारणा आहे. आणि वटपौर्णिमेला वडाला सूत गुंडाळताना ती गाठ सात जन्म टिकावी, अशी प्रार्थना केली जाते. ख्रिस्ती विवाहात वधूवर परस्परांना वचन देतात ते सामान्यतः मृत्यू येईपर्यंतचे. या परंपरेला ठळक अपवाद आहे तो 'मॉर्मन' या नावाने जगाला परिचित असलेल्या पंथाचा. या पंथाच्या मंदिरात लागलेले लग्न मृत्यूने संपत नाही; ते अनंतकाळ टिकते, अशी तेथील श्रद्धा आहे. मात्र हा विधी पाहण्याची मुभा सर्वांना नसते. त्यामुळे जो दिवस दोन कुटुंबे जोडण्याचा, त्याच दिवशी काही माता-पित्यांना आपल्या लेकीचे वा लेकाचे लग्न लागत असताना दाराबाहेर थांबावे लागते. या विवाहाचे स्वरूप समजून घेताना त्याची ही दुसरी बाजूही ध्यानात घ्यावी लागते.

पंथ आणि त्याचे मंदिर

या पंथाचे अधिकृत नाव 'चर्च ऑफ जीझस ख्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स' असे आहे. जोसेफ स्मिथ यांनी ६ एप्रिल १८३० रोजी अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यात त्याची स्थापना केली. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या 'बुक ऑफ मॉर्मन' या ग्रंथावरून अनुयायांना 'मॉर्मन' हे नाव पडले. ते नाव न वापरता पूर्ण नावच वापरावे, असे आवाहन पंथाचे तत्कालीन अध्यक्ष रसेल नेल्सन यांनी २०१८ मध्ये केले. तरीही व्यवहारात जुने नाव टिकून आहे. १८४४ मध्ये इलिनॉय राज्यातील कार्थेजच्या तुरुंगात जमावाने स्मिथ यांची हत्या केली. त्यानंतर ब्रिगहॅम यंग यांच्या नेतृत्वाखाली अनुयायी पश्चिमेकडे निघाले आणि १८४७ मध्ये सॉल्ट लेकच्या खोऱ्यात पोहोचले. आजचे युटा राज्य ही त्या वसाहतीची परिणती होय.

या पंथात प्रार्थनागृह आणि मंदिर या दोन वेगळ्या वास्तू आहेत. रविवारची उपासना प्रार्थनागृहात होते आणि तेथे कोणालाही जाता येते. मंदिर रविवारी बंद असते. तेथे विशिष्ट संस्कारच होतात. नवे मंदिर बांधून झाले की काही दिवस ते सर्वांना पाहण्यासाठी खुले ठेवतात. समर्पणविधी झाल्यावर मात्र पात्र ठरलेल्या सदस्यांखेरीज कोणालाही आत प्रवेश मिळत नाही. जगभरात अशी दोनशेहून अधिक मंदिरे आहेत.

त्यांत सर्वाधिक प्रसिद्ध आहे ते सॉल्ट लेक सिटीचे सहा शिखरांचे मंदिर. १८५३ मध्ये त्याचे काम सुरू झाले आणि ६ एप्रिल १८९३ रोजी, म्हणजे चाळीस वर्षांनी, त्याचे समर्पण झाले. लिटल कॉटनवुड या दरीतून त्याचा दगड आधी बैलगाड्यांनी आणि पुढे रेल्वेने आणला गेला. भूकंपापासून संरक्षण व्हावे यासाठी या वास्तूचा पाया मजबूत करण्याचे काम हाती घेण्यात आले आणि २०१९ च्या डिसेंबरअखेर मंदिर बंद झाले. त्यानंतर तीनच महिन्यांनी, १८ मार्च २०२० रोजी, ५.७ तीव्रतेचा भूकंप झाला आणि शिखरावरील देवदूताच्या हातातील तुतारी खाली पडली. त्याआधी कित्येक दशके शुक्रवार-शनिवारी या मंदिराच्या पायऱ्यांवर एका वधूची छायाचित्रे संपत नाहीत तोच दुसरी वधू दारातून बाहेर येत असे.

'सीलिंग' म्हणजे काय?

मंदिरातील विवाहाला 'सीलिंग' म्हणतात. मोहोर उमटवून पक्के करणे, असा त्याचा भावार्थ. पृथ्वीवर जे बांधले जाईल ते स्वर्गातही बांधलेले राहील, असा अधिकार येशूने पीटरला दिल्याचे बायबलमध्ये सांगितले आहे. तोच अधिकार आपल्या पंथाला पुन्हा लाभला, असे मॉर्मन मानतात. या विवाहाची तात्त्विक मांडणी स्मिथ यांनी १८४३ मध्ये लिहवून घेतलेल्या एका प्रकटीकरणात आहे. त्याच प्रकटीकरणात बहुपत्नीत्वाचाही पुरस्कार होता. बहुपत्नीत्वाची प्रथा १८५२ मध्ये जाहीरपणे मान्य करण्यात आली. पुढे अमेरिकी सरकारशी झालेल्या दीर्घ संघर्षानंतर १८९० मध्ये पंथाचे अध्यक्ष विल्फर्ड वुडरफ यांनी ती सोडत असल्याचे घोषित केले. १८९६ मध्ये युटाला राज्याचा दर्जा मिळाला. आज बहुपत्नीत्व पाळणाऱ्याला हा पंथ सदस्यत्वातून काढून टाकतो.

सीलिंग केवळ पती-पत्नींपुरते नसते. अशा दांपत्याला नंतर झालेली मुले जन्मतःच त्या बंधनात असल्याचे मानतात. आधी झालेल्या वा दत्तक मुलांना वेगळ्या विधीने आईवडिलांशी जोडले जाते. इतकेच नव्हे, तर दिवंगत पूर्वजांच्या वतीने जिवंत वंशज हा विधी करतात. वंशावळींच्या संशोधनाचा या पंथाला जो ध्यास आहे, त्याचे मूळ येथे आहे. मंदिराचा दगड ज्या दरीतून आला, त्याच दरीतील डोंगर पोखरून १९६० च्या दशकात तयार केलेल्या तळघरांत जगभरच्या जन्म-विवाह-मृत्यू नोंदींच्या सूक्ष्मचित्रफिती जपून ठेवल्या आहेत.

लग्नाआधीची पात्रता

मंदिरात लग्न करायचे तर वधू आणि वर दोघांकडेही शिफारसपत्र असावे लागते. त्यासाठी आधी स्थानिक बिशप आणि नंतर त्यावरील पातळीचा अधिकारी अशा दोन मुलाखती होतात. श्रद्धा, प्रामाणिकपणा, विवाहबाह्य शरीरसंबंध नसणे, उत्पन्नाचा दहावा भाग पंथाला देणे आणि मद्य, तंबाखू, चहा व कॉफी वर्ज्य करणे यांविषयी ठरावीक प्रश्न विचारले जातात. या पत्राची मुदत दोन वर्षांची असते. त्यानंतर पुन्हा मुलाखत द्यावी लागते.

शिवाय दोघांनीही 'एन्डाउमेंट' हा मंदिरातील संस्कार आधी घेतलेला असावा लागतो. त्यात धार्मिक शिकवण दिली जाते आणि काही व्रते घेतली जातात. धर्मप्रसारासाठी बाहेर पडणारे तरुण-तरुणी तो संस्कार जाण्यापूर्वीच घेतात. इतरांना तो लग्नाच्या आधी काही दिवस वा आठवडे मिळतो. यानंतर आयुष्यभर कपड्यांच्या आत विशिष्ट श्वेत वस्त्र परिधान करायचे असते. त्यामुळे वधूचा पोषाखही बाह्या असलेला व अंगभर असतो. मंदिरात घालायचा तर तो शुभ्र आणि साधा हवा. जमिनीवर लोळणारा शेव त्याला चालत नाही.

विवाहाचा दिवस

विधीची वेळ मंदिराकडे आधी ठरवून घेतलेली असते. अमेरिकेत मंदिरातील विवाह कायद्याने ग्राह्य धरला जातो, म्हणून सरकारी कार्यालयातून काढलेला विवाह परवानाही सोबत न्यावा लागतो. दारातच शिफारसपत्र तपासले जाते. आत गेल्यावर सर्व जण पांढरी वस्त्रे नेसतात. विधी पाहण्यापुरत्या आलेल्यांना मात्र पुष्कळदा नेहमीचे नीटनेटके कपडे चालतात. आत छायाचित्रण होत नाही, वाद्ये वाजत नाहीत आणि वडिलांनी लेकीचा हात धरून तिला वेदीपर्यंत नेण्याची पाश्चात्त्य रीतही नसते.

सीलिंगची खोली लहानशी असते. मध्यभागी मऊ आच्छादनाची बुटकी वेदी, वर झुंबर आणि समोरासमोरच्या भिंतींवर मोठे आरसे, अशी तिची रचना असते. वेदीच्या दोन्ही बाजूंना वधूवर गुडघे टेकून बसतात आणि वेदीवरून एकमेकांचा हात हाती घेतात. पौरोहित्याचा अधिकार असलेला 'सीलर' आधी चार शब्द उपदेशाचे सांगतो आणि मग विधी उच्चारतो. दोन साक्षीदार लागतात. पूर्वी हा मान पुरुषांनाच होता. ऑक्टोबर २०१९ पासून स्त्रियाही साक्षीदार होऊ शकतात. अंगठ्या घालणे हा विधीचा भाग नाही. हवे तर तो झाल्यावर घालता येतात. सारे काही अर्ध्या तासाच्या आत आटोपते. शेवटी वधूवरांना उभे करून आरशांत पाहायला सांगण्याची पद्धत आहे. एका आरशातील प्रतिबिंब दुसऱ्यात आणि त्याचे पुन्हा पहिल्यात, अशी दोघांच्या प्रतिमांची न संपणारी रांग दिसते. अनंतकाळाची कल्पना समजावण्यासाठी इतके सोपे साधन दुसरे नसेल.

मग दोघे दारातून बाहेर येतात आणि तेथे थांबलेल्या आप्तेष्टांचा जल्लोष होतो. मंदिराच्या पायऱ्यांवर छायाचित्रे घेतली जातात, दुपारी दोन्ही घरच्यांचे एकत्र जेवण होते आणि संध्याकाळी स्वागतसमारंभ. तो अनेकदा प्रार्थनागृहालगतच्या सभागृहात असतो. एरवी तेथे मुले बास्केटबॉल खेळतात. त्या दिवशी बास्केटखाली फुलांची कमान उभी राहते. वधूवर आईवडिलांसह रांगेत उभे राहून पाहुण्यांच्या शुभेच्छा स्वीकारतात. केक असतो, सरबत असते, नाचगाणेही असते. मद्य मात्र नसते. बरेचसे काम शेजारणी आणि प्रार्थनामंडळातील स्त्रियाच वाटून घेतात.

दाराबाहेरचे आप्त

या आनंदाला एक बोच असते. ज्यांनी स्वतः एन्डाउमेंट घेतलेली आहे आणि ज्यांच्याकडे चालू मुदतीचे शिफारसपत्र आहे, त्यांनाच विवाह पाहता येतो. त्यामुळे वधूवरांची धाकटी भावंडे, अन्य धर्माचे मित्र आणि पंथ सोडून गेलेले नातेवाईक बाहेर राहतात. मुलगा किंवा मुलगी नव्याने या पंथात आली असेल, तर तिच्या आईवडिलांवरच ही वेळ येते. मंदिराच्या प्रतीक्षाकक्षात वा बागेतील बाकावर ते बसून राहतात. ज्या अपत्याला लहानाचे मोठे केले, त्याचे लग्न चार भिंतींपलीकडे लागते आणि ते लागल्याचे त्यांना ती दोघे बाहेर आल्यावरच कळते. कुटुंब हेच ज्या श्रद्धेचे केंद्र, तिच्याच नियमाने कुटुंबाची अशी विभागणी व्हावी, ही विसंगती अनेक सदस्यांनाही सलत असे.

यावर उपाय होता. पण तो महाग पडे. अमेरिकेत एखाद्या जोडप्याने आधी सर्वांसमक्ष नागरी विवाह केला, तर मंदिरातील सीलिंगसाठी त्यांना एक वर्ष थांबावे लागे. पंथनिष्ठ समाजात या थांबण्याचा अर्थ 'काहीतरी चुकले असावे' असाही लावला जाई. त्यामुळे आईवडिलांना दुखवायचे की वर्षभर प्रतीक्षा करायची, असा पेच तरुणांपुढे उभा राही. ज्या देशांत मंदिरातील विवाह कायद्याला पुरेसा नव्हता, तेथे मात्र आधी नागरी विवाह आणि लगोलग सीलिंग ही रीत चालत होती. एका देशात जे चालते ते दुसऱ्या देशात का चालू नये, हा प्रश्न त्यातूनच पुढे आला. अखेर ६ मे २०१९ रोजी पंथाच्या सर्वोच्च मंडळाने वर्षभराची अट सर्वत्र रद्द केली. आता सर्वांसमक्ष लग्न करून, परिस्थिती जुळताच, मंदिरात जाता येते. मंदिराच्या दाराचा नियम बदललेला नाही. पण आईवडिलांच्या डोळ्यांदेखत लग्न लागण्याची वाट मोकळी झाली आहे.

गाठ सुटते का?

न्यायालयातून घटस्फोट मिळाला, तरी सीलिंग आपोआप सुटत नाही. ते रद्द करण्यासाठी पंथाच्या सर्वोच्च मंडळाची संमती लागते. स्त्री-पुरुषांसाठीचे नियमही सारखे नाहीत. पत्नीच्या निधनानंतर पुरुषाला दुसऱ्या स्त्रीशी सीलिंग करता येते आणि दोन्ही बंधने कायम राहतात. रसेल नेल्सन आणि त्यांच्यानंतर २०२५ मध्ये अध्यक्ष झालेले डॅलिन ओक्स या दोघांनीही पहिल्या पत्नीच्या मृत्यूनंतर असा दुसरा विवाह केला. विधवेला मात्र, पहिले बंधन रद्द झाल्याशिवाय, हयातीत दुसऱ्या पुरुषाशी सीलिंग करता येत नाही. बहुपत्नीत्व व्यवहारातून गेले, तरी परलोकाच्या हिशेबात त्याची सावली उरली आहे, अशी टीका पंथातील स्त्रियाही करतात.

पुणे ते बंगळुरू

महाराष्ट्राचा या पंथाशी संबंध जुना आहे. ह्यू फिंडले हा स्कॉटिश धर्मप्रसारक १८५१ मध्ये मुंबईत आला आणि पुढच्या वर्षी त्याने पुण्यात छोटीशी शाखा सुरू केली. तो प्रयत्न काही वर्षांतच मावळला. आज भारतात पंथाचे सदस्य पंधरा हजारांच्या आसपास आहेत आणि त्यांतील अनेक जण धर्मांतरितांच्या पहिल्या पिढीतले आहेत. भारतीय दांपत्याचे लग्न आधी इथल्या कायद्यानुसार, नातलगांच्या उपस्थितीत लागते. सीलिंगसाठी मात्र परदेशी जावे लागे. अनेकांसाठी ते ठिकाण होते हाँगकाँग, जेथील मंदिर १९९६ मध्ये सुरू झाले. दोघांचे पारपत्र, व्हिसा आणि विमानभाडे यांची जुळवाजुळव करण्यात काही जोडप्यांची वर्षे जात. १ एप्रिल २०१८ रोजी बंगळुरूमध्ये भारतातील पहिल्या मंदिराची घोषणा झाली आणि २ डिसेंबर २०२० रोजी त्याच्या बांधकामाचा प्रारंभ झाला.

लग्न ही दोघांची गोष्ट की दोन घरांची, हा प्रश्न कोणत्याच समाजाला चुकलेला नाही. मॉर्मन मंदिराचे उत्तर असे की, ती पिढ्यान्‌पिढ्यांची गोष्ट आहे. गेलेल्यांची आणि अजून न जन्मलेल्यांचीही. त्या आरशांतील रांगेत जिवंत आईवडिलांना जागा कशी मिळावी, एवढा भाग दीर्घकाळ सुटायचा राहिला होता. २०१९ च्या निर्णयाने तो पुरता सुटला नसला, तरी बाहेरच्या बाकावर बसून लग्नाची वाट पाहणे आता कोणत्याही आईवडिलांच्या नशिबी असायलाच हवे, असे राहिलेले नाही.