आगरातलं मीठ आणि आयोडीनची सक्ती

नायगाव-जूचंद्रची मिठागरं ज्यांनी पाहिलीत, त्यांना आगरातलं जाडं मीठ वेगळं सांगायला नको. मग तेच मीठ खायला विकणं बेकायदा कसं झालं?

1956 पासून कांगडा खोऱ्यात डॉ. रामलिंगस्वामींनी दाखवून दिलं, की मिठात आयोडीन घातलं की गलगंड कमी होतो. 1962 ला राष्ट्रीय कार्यक्रम आला. 1998 ला साधं मीठ खायला विकण्यावर देशभर बंदी आली, 2000 ला केंद्रानं ती उठवली, 2006 ला परत आणली. 2011 ला सर्वोच्च न्यायालयानं तो नियम अवैध ठरवला, पण लोकांच्या आरोग्यासाठी सहा महिने चालू ठेवला. त्याच वर्षी नव्या अन्नसुरक्षा नियमांत बंदी कायम झाली.

छोट्या आगरवाल्याचं दुखणं खरं आहे. मिसळणी, तपासणी, पाकीट हा खर्च मोठ्या कारखान्याला झेपतो, त्याला नाही. पण समुद्राच्या मिठातही पुरेसं आयोडीन नसतं, आणि गरोदरपणी ते कमी पडलं तर बाळाच्या मेंदूचं नुकसान भरून निघत नाही.

म्हणून सक्ती हवीच. सोबत आगरवाल्याला हातभारही हवा. आणि हो, घरातल्या बरणीचं झाकण घट्ट लावा. आपल्या दमट हवेत आयोडीन उडून जातं.